रोमेलचा बॉस नक्की कोण होता? वाळवंट, इटलीचे ट्रक आणि एक गोंधळलेला ऑर्ग चार्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेले 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

सुरुवात एका पत्र्याच्या डब्यापासून करूया. दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात लढणाऱ्या सैनिकांना इटालियन सैन्याकडून डबाबंद मांस मिळायचं. डब्यावर दोन अक्षरं छापलेली असायची, ए आणि एम. खरा अर्थ साधा सरकारी, 'लष्करी प्रशासन'. पण ते मांस इतकं चिवट असायचं की जर्मन सैनिक त्याला 'आल्टर मान' म्हणायचे, म्हणजे म्हातारा माणूस. इटालियन सैनिक म्हणायचे 'आराबो मोर्तो', मेलेला अरब. विनोद घाणेरडा आहे, पण सैनिकांचे विनोद असेच असतात.

मला त्या डब्यात इंटरेस्ट आहे तो वेगळ्याच कारणासाठी. तो डबा जर्मन सैनिकाच्या हातात का होता? रोमेलची आफ्रिका कोअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गॉगल, धूळ, पँझर टँक आणि 'डेझर्ट फॉक्स' असं पोस्टर येतं. पण त्या माणसांचं बरंचसं खाणं, ते आणणारी बहुतेक जहाजं, जहाजांना सोबत करणाऱ्या युद्धनौका, माल उतरवणारी बंदरं, पुढे नेणारा रस्ता, हे सगळं इटलीचं होतं. जर्मन पाहुणे होते. आणि पाहुण्याने आल्या दिवसापासून घरमालकाला ऐकवायला सुरुवात केली.

इंटरनेटवर इटालियन सैन्यावरचे मीम तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या टँकला पुढे जायचा गिअर एक आणि रिव्हर्स चार, वगैरे. मीही हसलोय त्यावर. पण माझं काम सर्व्हर आणि डेटा पाइपलाइनचं आहे, त्यामुळे 'ही टीम बेकार आहे' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लोड किती होता, पाइप किती जाड होता, आणि निर्णय कोण घेत होतं? आज हेच तीन प्रश्न उत्तर आफ्रिकेला विचारूया.

आधी नकाशा बघा. लिबिया तेव्हा इटलीची वसाहत. पश्चिमेला त्रिपोली, तिथून रस्त्याने साधारण 1000 किलोमीटर पूर्वेला बेंगाझी, आणि त्रिपोलीपासून साधारण 1500 किलोमीटरवर तोब्रुक. त्यापुढे इजिप्तची हद्द, आणि आत गेलं की एल अलामीन. त्रिपोलीपासून अलामीनपर्यंत 2200 किलोमीटरच्या आसपास. या सगळ्याला जोडणारा डांबरी रस्ता एकच, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा. 1937 मध्ये मुसोलिनीने त्याचं उद्घाटन केलं, लांबी सुमारे 1822 किलोमीटर. पुढे गव्हर्नर इतालो बाल्बोच्या नावावरून त्याला 'व्हिया बाल्बिया' म्हणू लागले. हा बाल्बो जून 1940 मध्ये तोब्रुकवर विमानातून येताना स्वतःच्याच विमानविरोधी तोफांनी पडला. इटलीने युद्धात उतरून तीन आठवडेही झाले नव्हते.

रेल्वे? त्रिपोलीच्या आणि बेंगाझीच्या आसपास थोडी, अरुंद मापाची, आसपासच्या गावांपर्यंत जाणारी. दोन शहरांना जोडणारी नाहीच. तिकडे ब्रिटिशांकडे अलेक्झांड्रियाहून मर्सा मात्रूहपर्यंत नीट रेल्वे होती आणि युद्ध चालू असताना ती ते पश्चिमेकडे वाढवत नेत होते. हा फरक लक्षात ठेवा.

आता बंदरं. त्रिपोली सगळ्यात मोठं, तरी महिन्याला साधारण 45 हजार टन एवढीच त्याची झेप. बेंगाझीत कागदावर दिवसाला 2700 टन उतरायला हवे होते, पण ब्रिटिश विमानं रोज येऊन बॉम्ब टाकायची, त्यामुळे प्रत्यक्षात 700-800 टन. तोब्रुकची कागदी क्षमता दिवसाला 1500 टन, प्रत्यक्षात 600 च्या वर क्वचितच. हे आकडे मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड या इतिहासकाराने 1977 मध्ये आलेल्या 'सप्लाइंग वॉर' या पुस्तकात मांडले आणि त्यानंतर या मोहिमेबद्दलची चर्चाच बदलली. कारण तोपर्यंत सगळे समुद्रात किती जहाजं बुडाली तेच मोजत बसले होते. त्याने विचारलं, पोचलेल्या मालाचं पुढे काय झालं?

इथे एक हिशोब करून बघू. आकडे मी अंदाजाने घेतोय, पण मुद्दा कळेल. समजा एक ट्रक 3 टन माल नेतो आणि लिटरमागे 3 किलोमीटर चालतो. त्रिपोलीहून तोब्रुकला जाऊन रिकामा परत यायचं तर 3000 किलोमीटर, म्हणजे 1000 लिटर, म्हणजे साधारण पाऊण टन इंधन. तीन टनांतलं पाऊण टन ट्रकने स्वतःच पिऊन टाकलं. अलामीनपर्यंत जायचं तर एक टनाहून जास्त. त्यात ड्रायव्हरचं पाणी, सुटे भाग, टायर, वाटेत बंद पडणं. व्हान क्रेव्हेल्डच्या म्हणण्याप्रमाणे उतरलेल्या इंधनापैकी 30 ते 50 टक्के इंधन बंदर ते आघाडी या प्रवासातच संपत होतं, आणि कुठल्याही वेळी साधारण 35 टक्के ट्रक दुरुस्तीला पडलेले असायचे. त्याचाच आणखी एक आकडा: एका मोटराइज्ड डिव्हिजनला पाण्यासकट दिवसाला 350 टन सामान लागतं, आणि ते जेमतेम 480 किलोमीटर न्यायचं तरी दोन-दोन टनांचे 1170 ट्रक लागतात. एका डिव्हिजनला.

म्हणजे जितकं जिंकत पुढे जाल तितके उपाशी पडाल. ही गणिताची अडचण आहे. सैनिक शूर आहे की भित्रा, तिला फरक पडत नाही.

इटलीने ही अडचण स्वतः आणखी वाढवून ठेवली, हेही सांगायला हवं. मुसोलिनीने 10 जून 1940 ला युद्ध पुकारलं तेव्हा इटलीची दोनशेहून जास्त व्यापारी जहाजं भूमध्य समुद्राबाहेर होती. आधी बोलावलीच नाहीत. एकूण व्यापारी ताफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी गेला, एकही तोफ न उडता. मला विचाराल तर त्या अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात महागडा निर्णय हा. आणि तो कुठल्याच जनरलने घेतला नव्हता.

पहिल्या वर्षाची गोष्ट पटकन सांगतो. बाल्बोनंतर आलेल्या मार्शल ग्रात्सियानीने सप्टेंबर 1940 मध्ये इजिप्तमध्ये शंभरेक किलोमीटर आत जाऊन सिदी बर्रानीला तळ ठोकला आणि रस्ता, पाण्याची पाइपलाइन बांधायला घेतली. लोक त्याला हसतात, पण ट्रक नसलेल्या सैन्याने दुसरं काय करायचं होतं? चूक वेगळी होती. तळ एकमेकांपासून इतके लांब टाकले की एकाला दुसऱ्याची मदत पोचू नये. 9 डिसेंबरला ब्रिटिशांनी हल्ला केला. निबेवाच्या तळावर रणगाड्यांसोबत जी पायदळाची तुकडी आत घुसली ती आपल्या चौथ्या इंडियन डिव्हिजनची होती. फेब्रुवारी 1941 पर्यंत सुमारे 1 लाख 30 हजार सैनिक कैद झाले. त्यातले हजारो पुढे जहाजाने भारतात आणले गेले. हिमाचलमधलं योल, डेहराडूनजवळचं क्लेमेंट टाऊन, भोपाळ, बंगळूर, इथे त्यांच्या छावण्या होत्या. या छावण्यांवर एक वेगळा भाग करायचाय, कधीतरी.

आता येतो रोमेल. 12 फेब्रुवारी 1941, त्रिपोली. आणि इथे सुरू होतो तो ऑर्ग चार्ट, ज्यासाठी हा भाग केला.

कागदावर रोमेल आफ्रिकेतल्या इटालियन सरसेनापतीच्या हाताखाली होता. आधी गारिबोल्दी, जुलै 1941 पासून एत्तोरे बास्तिको. त्यांच्यावर रोममधलं 'कोमांदो सुप्रेमो', म्हणजे इटलीचं सर्वोच्च लष्करी मुख्यालय, त्याचा प्रमुख उगो काव्हालेरो. त्याच्यावर मुसोलिनी. सरळ रेषा आहे, बरोबर? पण रोमेलला इटालियन हुकूम पटला नाही तर थेट बर्लिनला दाद मागायची मुभा होती. ऑफिसात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. तुमचा मॅनेजर एक, पण तुमच्याकडे सीईओचा पर्सनल नंबर आहे. मॅनेजरचं काय होतं? काहीच नाही, तो मीटिंगला येतो आणि चहा पिऊन जातो.

रोममध्ये एन्नो फॉन रिंतेलन नावाचा जर्मन जनरल होता, युद्धाच्या आधीपासून लष्करी प्रतिनिधी म्हणून तिथेच राहिलेला. कोमांदो सुप्रेमो आणि जर्मन मुख्यालय यांच्यातला दुवा तो. 1941 च्या शेवटी त्यात फील्ड मार्शल केसेलरिंगची भर पडली. पदाचं नाव 'दक्षिणेचा सरसेनापती', पण रोमेलच्या जमिनीवरच्या लढाईवर त्याचा थेट हुकूम चालत नव्हता. आणि रोमेलच्या स्वतःच्या मुख्यालयात इटालियन संपर्क अधिकारी. 1942 मध्ये हे काम करणाऱ्या जुझेप्पे मांचिनेल्लीने पुढे आठवणी लिहिल्या. संपर्क अधिकाऱ्याचं काम डोळ्यांसमोर आणा. रोमेल सकाळी उठून गाडीत बसून आघाडीवर निघून जातो, वाटेत दिसेल त्या तुकडीला जर्मनमध्ये हुकूम देतो. ती तुकडी इटालियन असेल तर हुकूम भाषांतर होऊन तिच्या कोअर कमांडरकडे जायला हवा, कारण औपचारिक साखळी तीच आहे. तोपर्यंत रोमेल पन्नास किलोमीटर पुढे. संध्याकाळी बास्तिकोचा फोन येतो की माझ्या डिव्हिजनचं काय चाललंय, मला कुणी का सांगत नाही? सगळ्या बाजूंनी शिव्या खाणारा माणूस एकच, मधला.

एप्रिल 1941 चा किस्सा ऐका. रोमेलला सांगितलं होतं, बचाव कर, मोठा हल्ला नको. तो अजदाबियाच्या पुढे घुसला. गारिबोल्दी संतापून आला, म्हणाला थांबा, रोमच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. रोमेलने नंतर लिहिलंय की त्याच वेळी बर्लिनहून संदेश आला, त्यात त्याला पूर्ण मोकळीक होती, आणि वाद मिटला. प्रत्यक्षात त्या दिवसांत बर्लिनहून आलेला हुकूम सबुरीने घ्यायला सांगणारा होता. जर्मन संदेश जर्मन माणसानेच वाचून दाखवला, गारिबोल्दी काय करणार?

आता नोव्हेंबर 1941. इटालियनांची सगळ्यात चांगली फौज, 'आरिएते' ही चिलखती डिव्हिजन आणि 'त्रिएस्ते' ही मोटराइज्ड डिव्हिजन, एका वेगळ्या कोअरमध्ये होती. प्रमुख जनरल गाम्बारा. ही कोअर मुद्दाम रोमेलच्या हाताबाहेर, थेट बास्तिकोच्या हाताखाली ठेवली होती. म्हणजे एकाच वाळवंटात, एकाच शत्रूसमोर, दोन वेगवेगळ्या मालकांच्या चिलखती फौजा. 18 नोव्हेंबरला ब्रिटिशांनी 'क्रुसेडर' मोहीम सुरू केली. दुसऱ्याच दिवशी बीर एल गुबी इथे आरिएतेने ब्रिटिशांच्या 22 व्या चिलखती ब्रिगेडला चांगलंच ठोकलं. रिव्हर्स गिअरवाले मीम बनवणाऱ्यांनी हे नाव लिहून ठेवावं. पण ही कोअर रोमेलच्या हाताखाली आली ती 23 तारखेला, मुसोलिनीने हुकूम काढल्यावर. लढाई पेटलेली, आणि पाच दिवस रिपोर्टिंग लाइन ठरण्यात गेले.

बास्तिकोला रोमेल पाठीमागे 'बोंबास्तिको' म्हणायचा. डिसेंबरमध्ये माघारीवरून दोघांचं जोरदार भांडण झालं. रोमेलला सैन्य वाचवायला मागे जायचं होतं, बास्तिकोला सायरेनैका सोडवत नव्हतं. इथे मी रोमेलच्या बाजूने आहे. पण बास्तिकोचंही समजतं. ती जमीन इटलीची होती, तिथे इटालियन शेतकरी कुटुंबं वसवलेली होती. रोमेलसाठी तो नकाशावरचा एक भाग होता.

याच महिन्यांत समुद्रावर काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. 9 नोव्हेंबर 1941 च्या मध्यरात्री माल्टाहून निघालेल्या ब्रिटिश नौकांनी एका इटालियन ताफ्यातली सातही मालवाहू जहाजं बुडवली. त्या महिन्यात लिबियासाठी निघालेल्या साधारण 79 हजार टनांपैकी 30 हजार टनांच्या आतच माल पोचला. मग इटालियन नौदलाने हताशपणे युद्धनौकांवरूनच पेट्रोल न्यायला सुरुवात केली. 13 डिसेंबरच्या पहाटे 'दा बार्बियानो' आणि 'दी ज्युस्सानो' या दोन क्रूझर ट्युनिशियाच्या केप बॉनजवळ होत्या, डेकवर पेट्रोलची पिंपं रचलेली. चार विनाशिकांनी त्यांना गाठलं. तीन ब्रिटिश, एक डच. (त्यातल्या एका ब्रिटिश विनाशिकेचं नाव 'सिख' होतं.) काही मिनिटांचा खेळ. समुद्राला आग लागली. 800 हून जास्त खलाशी गेले, रोमेलच्या आणि बास्तिकोच्या गाड्यांसाठी पेट्रोल नेताना.

जर्मन मुख्यालयात लोक म्हणायचे, इटालियनांमध्ये कुणीतरी फितूर आहे. इतकी अचूक जहाजं सापडतातच कशी? रोमेललाही संशय होता. उत्तर होतं ब्लेचली पार्क. 1941 च्या उन्हाळ्यापासून इटालियन नौदलाच्या सी-38 यंत्रावरचे संदेश ब्रिटिश वाचत होते. कुठला ताफा, कधी निघणार, कुठल्या मार्गाने. गुपित फुटू नये म्हणून हल्ल्याआधी एक टेहळणी विमान मुद्दाम ताफ्याला दिसेल असं पाठवायचे, म्हणजे इटालियनांना वाटावं की विमानामुळे सापडलो.

उलट बाजूही सांगतो, ती फार कमी लोकांना माहीत असते. 1941 मध्ये इटालियन लष्करी गुप्तचर खात्याने रोममधल्या अमेरिकन वकिलातीतून सांकेतिक लिपीचं पुस्तक चोरून कॉपी केलं. कैरोतला अमेरिकन लष्करी प्रतिनिधी कर्नल बॉनर फेलर्स ब्रिटिशांची सगळी अवस्था त्याच लिपीत वॉशिंग्टनला कळवत होता. ती माहिती 1942 च्या जूनअखेरपर्यंत रोमेलपर्यंत पोचत राहिली. जर्मन तिला 'चांगला स्रोत' म्हणायचे. रोमेलचा तो प्रसिद्ध सिक्स्थ सेन्स! त्यातला काही भाग रोममधल्या चोरीचा होता.

जानेवारी 1942. माघार संपली, थोडे टँक पोचले, आणि 21 तारखेला रोमेलने पलटून हल्ला केला. बास्तिकोला सांगितलं नाही, रोमला नाही, बर्लिनलाही नाही. दोन दिवसांनी काव्हालेरो केसेलरिंगला घेऊन विमानाने आला. म्हणाला, फार तर एक छोटी चढाई करा आणि लगेच परत या. रोमेलने उत्तर दिलं, मला आता फक्त फ्युरर थांबवू शकतात. काव्हालेरो भुणभुणत गेला आणि इटालियन कोअरचा काही भाग मागेच धरून ठेवला. त्याच्याकडे ब्रेक मारायचा तेवढाच एक मार्ग उरला होता. रोमेलने बेंगाझी परत घेतली. जिंकलेल्या माणसाला प्रोसेस मोडल्याबद्दल कोण बोलणार?

मला काव्हालेरोबद्दल थोडी सहानुभूती आहे, हे कबूल. तो आकडे बघणारा माणूस होता. त्याचं म्हणणं असं की आधी माल्टा घ्या, मग इजिप्त. 1942 च्या वसंतात जर्मन-इटालियन विमानांनी माल्टाला बॉम्बने भाजून काढलं तेव्हा एप्रिलमध्ये दीड लाख टनांहून जास्त माल लिबियाला निघाला आणि जवळजवळ सगळा पोचला. एक टक्काही नुकसान नाही. याहून स्वच्छ पुरावा काय हवा? बेटावर उतरायची योजना तयार होती, 'सी-3' नाव, त्यासाठी 'फोल्गोरे' या पॅराशूट डिव्हिजनला खास ट्रेनिंग दिलेलं. मे महिन्यात रोमेलने गझालाची लढाई सुरू केली. 27 मेला आरिएतेने बीर हकीमच्या दक्षिणेला आपली तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड तुडवली. त्या दिवशी कैद झालेल्यांत पी. पी. कुमारमंगलम होते, पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. 21 जूनला तोब्रुक पडलं. तिथे रोमेलला 1400 टन इंधन आणि दोनेक हजार गाड्या मिळाल्या. रोमेल म्हणाला, माल्टा राहू दे, मी नाईलपर्यंत जातो. हिटलरने मुसोलिनीला पत्र लिहून पटवलं. 29 जूनला मुसोलिनी स्वतः लिबियात उतरला, विजयाच्या संचलनाची वाट बघत. तीन आठवडे बसला. रोमेल त्याला एकदाही भेटायला आला नाही. मुसोलिनी परत गेला आणि फोल्गोरेचे पॅराशूटवाले वाळवंटात पायदळ म्हणून पाठवले गेले.

आता रोमेल अलामीनला अडकला. तोब्रुक छोटं बंदर, बेंगाझी मागे हजारभर किलोमीटर, त्रिपोलीचं तर बोलायलाच नको. ऑगस्ट 1942 मध्ये ऑर्ग चार्ट पुन्हा बदलला. रोमेलचं सैन्य आता थेट कोमांदो सुप्रेमोच्या हाताखाली, बास्तिकोकडे फक्त लिबिया. आणि मध्ये एक नवीन कार्यालय, 'देलेआसे', म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं कोमांदो सुप्रेमोचं प्रतिनिधी मंडळ. प्रमुख जनरल बार्बासेत्ती. काम: रसद, वाहतूक आणि रोमेलशी संपर्क. थोडक्यात, बास्तिको नावाचा लेयर बायपास केला आणि त्या जागी दुसरा लेयर घातला. बास्तिकोला समजूत म्हणून मार्शल केलं. काव्हालेरो जुलैमध्येच मार्शल झाला होता, कारण रोमेल जूनमध्ये फील्ड मार्शल झालेला आणि हुद्द्यात मागे राहून चालणार नव्हतं. सगळ्यांना प्रमोशन मिळालं. ट्रक कुणालाच मिळाले नाहीत.

देलेआसे ही कल्पना मुळात वाईट नव्हती. रसद बघणाऱ्याने थेट वरच्या मुख्यालयाशी बोलावं, यात तथ्य आहे. पण ती आली 18 महिने उशिरा, आणि तोपर्यंत प्रश्न बोलण्याचा उरलाच नव्हता. ऑक्टोबरमध्ये लढाई ऐन भरात असताना 'प्रोसेर्पिना' हा टँकर 26 तारखेला तोब्रुकच्या दाराशी बुडाला, दोन दिवसांनी 'लुइझियानो'. दोन्हींचा पत्ता ब्लेचलीने दिलेला.

आणि इथे मला एका शब्दावर थांबायचंय. इटालियन लष्करात 'आउतोत्रास्पोर्ताबिले' नावाच्या डिव्हिजन होत्या. पाव्हिया, ब्रेशिया वगैरे. शब्दाचा अर्थ, ट्रकने नेता येण्याजोगी. नेली जाणारी नव्हे, नेता येण्याजोगी! डिव्हिजनकडे स्वतःचे ट्रक नसत. वरच्या पातळीवरून ट्रक मिळाले तर ती मोटराइज्ड, नाही मिळाले तर पायी. कागदावर दोन्हीकडे टिक करता येते. दुसऱ्या कुणाच्या रिसोर्सवर आपलं फीचर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला ही टिक ओळखीची वाटेल, पण आपल्याकडे फार तर डेडलाइन चुकते.

3 नोव्हेंबर 1942. रोमेलने माघार सुरू केली होती. हिटलरचा हुकूम आला, विजय किंवा मृत्यू. रोमहूनही तशाच अर्थाचा आला. एक दिवस वाया गेला. 4 तारखेला आरिएते जवळजवळ पूर्ण संपली, टँक ब्रिटिश टँकपुढे खेळण्यासारखे असूनही जागा न सोडता. आणि आघाडीच्या दक्षिण टोकाला, कत्ताराच्या खोलगट भागाजवळ, ब्रेशिया, पाव्हिया आणि फोल्गोरे. ट्रक नाहीत. ते रात्री चालत निघाले, तोफा हाताने ओढत, पाणी संपत आलेलं. समोर शेकडो किलोमीटर वाळवंट आणि ज्यांच्याकडे चाकं होती ते निघून गेलेले. 6 नोव्हेंबरपर्यंत बहुतेक सगळे पकडले गेले. फोल्गोरेचे पाचेक हजार माणसांतले शेवटपर्यंत एकत्र राहिलेले सुमारे 300 उरले होते.

इटालियन सैनिकांनी पुढे लिहिलं की जर्मनांनी आमचे ट्रक बंदुकीच्या धाकाने पळवले. जर्मन बाजू म्हणते, ट्रक नव्हतेच, कुणाला द्यायचे? मला वाटतं काही ठिकाणी ट्रक हिसकावले गेले, हे नाकारता येणार नाही. पण सगळे ट्रक प्रामाणिकपणे वाटले असते तरी त्या तीन डिव्हिजन पूर्ण निघाल्या नसत्या. त्यांची जागा जूनमध्येच ठरली होती, जेव्हा माल्टा सोडून नाईलकडे जायचं ठरलं. हे ठरवणाऱ्या चौघा-पाच जणांपैकी दक्षिण टोकाला कुणीच नव्हतं.

मग इटालियन नौदल नापास झालं का? पूर्ण हिशोब असा: जून 1940 ते जानेवारी 1943, लिबियासाठी सुमारे साडेबावीस लाख टन माल निघाला, त्यातला साधारण 86 टक्के पोचला. माणसं दोन लाखांवर निघाली, 90 टक्क्यांहून जास्त पोचली. कोड फुटलेला असताना, रडार जवळजवळ नसताना, इंधन जर्मनीकडून मागून. माझ्या मते हा आकडा कुठल्याही टँकच्या लढाईपेक्षा मोठा आहे. ज्यांनी तो कमावला त्यांच्यावर सिनेमे नाहीत.

रोमेल 1944 मध्ये गेला. त्याची कागदपत्रं 1953 मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आली आणि रसद न मिळाल्याचा दोष रोमच्या माथ्यावर ठेवून जगभर वाचली गेली. काव्हालेरो सप्टेंबर 1943 मध्ये फ्रास्काटीला, केसेलरिंगकडे जेवल्यानंतर, गोळी लागून मेलेला सापडला. आत्महत्या की खून, यावर अजून वाद आहे. बास्तिको मात्र खूप जगला. 1972 च्या डिसेंबरमध्ये रोममध्ये वारला, वय 96. ब्रिटिशांनी संदेश वाचत होतो हे जगाला सांगणारं पहिलं गाजलेलं पुस्तक 1974 मध्ये आलं.